सेमी-सिंथेटिक कूलंट, भोसरीच्या शेडमध्ये आठ महिने

भोसरीत आमची छोटी शेड आहे. दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी धातू कापायची मशीनं. काम बहुतेक ईएन ८ पोलादाचं, अधूनमधून ॲल्युमिनियम. कापताना टूल आणि जॉब थंड ठेवायला त्यांवर तेल-पाण्याचं मिश्रण सोडतात, ते कूलंट. गेल्या जूनमध्ये दुधासारखं पांढरं सोल्युबल ऑइल बंद करून कमी तेलाचं सेमी-सिंथेटिक सुरू केलं. आता फेब्रुवारी संपत आलाय. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, कारण तोच कॅन तुमच्याकडे वेगळा वागेल. कूलंटमधला ५ टक्के माल आपण विकत घेतो, उरलेले ९५ टक्के आपल्या टाकीवरचं पाणी असतं.

बदललं ते वासामुळे. आमच्याकडे गुरुवारी सुट्टी. शुक्रवारी सकाळी शटर वर केलं की सडक्या अंड्यांचा वास. पंप बंद असतो, स्लाइडवेचं, म्हणजे मशीनच्या सरकत्या भागांचं, तेल गळून कूलंटवर तवंग धरतं, हवा आत शिरत नाही, आणि मग हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचं फावतं. सल्फेटवर जगून हायड्रोजन सल्फाइड सोडणारी ही मंडळी. आमचे जुने ऑपरेटर काका नुसतं नाक मुरडून सांगायचे, "शेठ, टाकी गेली." म्हणजे मशीनच्या टाकीतलं कूलंट सडलं.

नव्या मालाचा पहिला महिना मात्र पश्चात्तापाचा. बोअरच्या पाण्यात बादलीच्या मापाने ५ टक्के मिसळलं. चौथ्या दिवशी जाळीवर करडा चिकट गाळ, वर सायीसारखा थर. सप्लायरचा माणूस फोनवर म्हणाला, "परसेंटेज वाढवा." वाढवलं, आठवडाभर बरं चाललं, पुन्हा तेच. सल्ला अगदी चूक नव्हता, पण भोक असलेल्या बादलीत जास्त पाणी ओतण्यातला प्रकार होता.

तेल पाण्यात टिकतं ते सर्फॅक्टंटमुळे. त्याच्या रेणूचं एक टोक तेलात रुततं, दुसरं पाण्याकडे राहतं. आमच्या मालात हे काम बरंचसं फॅटी ॲसिडच्या साबणाकडे आहे. त्यामुळे प्रत्येक थेंबावर ऋण भार येतो आणि थेंब एकमेकांना लांब ठेवतात. दख्खनच्या काळ्या खडकातून आलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर. एक कॅल्शियम साबणाचे दोन रेणू धरतो आणि न विरघळणारा गाळ होतो. बोअरच्या पाण्याने अंघोळ करताना साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला कीट बसतं, तेच हे. शिवाय मशीन तापलं की उडतं ते नुसतं पाणी, कॅल्शियम टाकीतच राहतं. रोज टॉप-अप करताना आम्ही त्यात आणखी भर घालत होतो.

हे कळलं तीन काचेच्या बाटल्यांमुळे. एकीत बोअरचं, एकीत नळाचं म्हणजे पवनेचं, एकीत आरओचं पाणी, तिन्हींत सारखंच कूलंट. दोन दिवसांत बोअरच्या बाटलीवर साय आली, बाकी दोन जशाच्या तशा. मी हुशारी करून टाकीत सरळ आरओ भरलं. दुसऱ्या दिवशी व्हीएमसीच्या खालून फेस बाहेर! पाणी फार मऊ, म्हणजे कॅल्शियम जवळपास नसलेलं, असेल तर सर्फॅक्टंटला फेस करायला रान मोकळं. थोडा कॅल्शियमचा साबण असला तर तोच फेस मोडतो. शेवटी नळाच्या पाण्यावर स्थिरावलो. कमी पडलं तर त्यात आरओ आणि जरासं बोअर. तेव्हापासून टाकी शांत आहे.

आता चांगलं काय ते. जुन्या सोल्युबलमधले तेलाचे थेंब मोठे, मायक्रॉनच्या वरचे, म्हणून सगळं दूध. यातले खूप बारीक, त्यामुळे द्रव अर्धपारदर्शक, कडेला निळसर झाक. जॉब चालू असताना टूलचं टोक दिसतं, याचं काकांना सगळ्यात जास्त कौतुक. बारीक थेंब वर तरंगायलाही आळशी असतात: त्रिज्या निम्मी झाली की वर येण्याचा वेग चौथाई. दिवाळीत शेड सहा दिवस बंद होती. उघडली तर साय नाही, वास किंचित. पूर्वी दर दोन-अडीच महिन्यांनी टाकी रिकामी करायचो, नळाच्या पाण्यावर आल्यापासून एकदाही केलेली नाही. अर्थात त्याचं निम्मं श्रेय तवंग काढणाऱ्या बेल्ट स्किमरला.

दोन चुका आमच्याच. नव्या पोराने कॅनमधला माल आधी बादलीत ओतला आणि वरून पाणी सोडलं. झाला लोण्यासारखा गोळा. लोणी म्हणजे तरी काय, स्निग्धात अडकलेलं पाणीच. आधी पाणी, मग ढवळत तेल, हे आता भिंतीवर खडूने लिहिलंय.

दुसरी चूक महाग पडली. कूलंट किती घट्ट ते दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर दिसेल तोच आकडा टक्के धरत होतो. कॅनवर बारीक अक्षरात फॅक्टर १.६ छापलाय, म्हणजे मीटरच्या आकड्याला १.६ ने गुणायचं. मीटरवर ५ म्हणजे टाकीत ८ टक्के. दोन महिने आम्ही जास्तीचं घालत होतो आणि इकडे पोरांच्या बोटांना भेगा. सर्फॅक्टंटला मशीनचं तेल आणि कातडीचं तेल यांतला फरक कळत नाही, त्यात पीएच ९ च्या वर. आता मीटरवर ३.२ ठेवतो आणि पाळी संपली की सगळ्यांना हात धुऊन खोबरेल लावायला सांगतो. भेगा बऱ्याच भरल्या. मीटरवरची रेघ पुसट दिसली तर आकड्यावर विसंबू नका, मशीनचं तेल मिसळलेलं असतं.

ॲल्युमिनियमवर मी खूश नाही. ओला जॉब रात्रभर पॅलेटवर राहिला की काळपट डाग. लगेच पुसून हवा मारली तर वाचतो, पण सेकंड शिफ्टला हे सांगून सांगून जीव जातो.

आणखी एक गोष्ट सप्लायर सांगत नाही. जे इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचं मिश्रण, टाकीत फुटत नाही, ते टाकून देतानाही सहज फुटत नाही. जुन्या दुधात आम्ल आणि तुरटी घातली की थेंबांवरचा भार मरायचा, मग पॉलिॲक्रिलामाइडचे चार थेंब, की लांबलचक पॉलिमर कण गोळा करून गुठळ्या बांधायचा. यातल्या थोड्या कूलंटवर तेच करून पाहिलं तर वरचं पाणी गढूळच राहिलं. नाल्यात सोडायचा प्रश्नच नाही, हा घातक कचरा. आमचा रांजणगावच्या केंद्रात जातो आणि बिल वजनावर येतं.

दुसरा कॅन मागवलाय, तोच ब्रँड. एका लेथवर मात्र अजून जुनं दूधच आहे. ते मशीन काकांचं, आणि ते म्हणतात, "माझं रिटायरमेंट होऊ द्या शेठ, मग बदला."