कल्पित प्रजातीचे बालपण: दीर्घ की अल्प?

स्वतःची प्रजाती रचणाऱ्या लेखकाला हा पेच पडतोच. ओरांगउटानचे पिल्लू सुमारे 7-8 वर्षे आईजवळ राहून अन्न ओळखायला शिकते. समुद्री कासवाची मादी मात्र एका वेळी 100 च्या आसपास अंडी घालून निघून जाते. पहिला मार्ग फार महाग आहे, कारण दोन अपत्यांत मोठे अंतर पडते आणि युद्धात किंवा साथीत घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. दुसऱ्या मार्गाने ती भरून येते. पण बहुतेक पिल्ले दगावतात, आणि उरलेल्यांना भाषा, कला, नातीगोती कोण शिकवणार? ‘उपजत ज्ञान’ हे उत्तर मला पटत नाही.

संस्कृतीप्रधान कथेसाठी दीर्घ बालपण घ्यावे. झपाट्याने पसरणारी, परकी वाटणारी प्रजाती हवी असल्यास अल्प बालपण निवडावे, मात्र वाचलेल्या पिल्लांना सांभाळणारी सामूहिक व्यवस्था तिला अवश्य द्यावी.