ग्रीसमधली ‘इके’ कंपनी : वर्षभराहून अधिक वापरानंतरचा अनुभव

ग्रीसमध्ये व्यवसाय सुरू करायचा म्हटले की पहिला प्रश्न येतो तो कंपनीच्या प्रकाराचा. थेसालोनिकीत आम्ही तिघांनी मिळून छोट्या हॉटेलांसाठी आरक्षणाचे सॉफ्टवेअर तयार करून विकायचे ठरवले, तेव्हा आमच्यापुढे तीन पर्याय होते. पहिला ‘आनोनिमी एतेरिया’, म्हणजे समभागांची कंपनी; तिचा आजचा कायदा २०१८चा (क्रमांक ४५४८) असून तिला किमान २५,००० युरोंचे भांडवल लागते. दुसरा ‘एपे’, म्हणजे १९५५च्या कायद्यावर उभी असलेली जुनी मर्यादित जबाबदारीची कंपनी. तिसरा ‘इके’, म्हणजे आर्थिक संकटाच्या काळात, २०१२ साली, ४०७२ क्रमांकाच्या कायद्याने आलेली खासगी भांडवली कंपनी. आम्ही ‘इके’ निवडली. दीडएक वर्ष ती चालवल्यानंतर कायद्याची रचना, सरकारी यंत्रणा आणि प्रत्यक्ष खर्च या तिन्हींबद्दल माझे जे मत झाले आहे, ते येथे नोंदवते आहे. आपल्याकडचे बरेच जण आता ग्रीसकडे व्यवसायाच्या दृष्टीने पाहू लागले आहेत आणि त्यांना मिळणारी माहिती बहुधा ‘एका युरोत कंपनी’ एवढ्यावरच थांबते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एका युरोची गोष्ट खरी आहे, पण तिचे महत्त्व फार थोडे आहे. भांडवल किती ठेवायचे हे या कायद्याने पूर्णपणे भागीदारांवर सोडले आहे. या कायद्यातला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग भांडवलाच्या किमान रकमेचा नसून भागीदार कंपनीत काय घेऊन येऊ शकतो याचा आहे. येथे योगदानाचे तीन प्रकार मानले आहेत. पहिला नेहमीचा, रोख रकमेचा किंवा वस्तुरूप मालमत्तेचा. दुसरा भांडवलाबाहेरचा, म्हणजे पुढे करायचे काम किंवा द्यायची सेवा; अशा योगदानावर भागीदाराला हिस्से मिळतात, पण त्यांचे मूल्य कंपनीच्या भांडवलात धरले जात नाही. तिसरा हमीचा : भागीदार आज एक पैसाही देत नाही, मात्र कंपनीची देणी ठरावीक रकमेपर्यंत स्वतः फेडण्याची जबाबदारी घेतो आणि तिच्या बदल्यात हिस्से घेतो. या हमीचे मूल्य जबाबदारीच्या रकमेच्या ७५ टक्क्यांहून अधिक धरता येत नाही. म्हणजे २०,००० युरोंची हमी घेणाऱ्याला जास्तीत जास्त १५,००० युरोंचे हिस्से मिळतात. ‘इके’मध्ये भागीदाराची वैयक्तिक मालमत्ता कंपनीच्या कर्जापासून सुरक्षित असते, या नियमाला हमीचे योगदान हा सरळ अपवाद आहे, हे सही करण्याआधी प्रत्येकाने नीट समजून घ्यावे.

आमच्यात एकीकडे पैसे होते, दुसरीकडे हॉटेलवाल्यांच्या ओळखी होत्या आणि तिसरीकडे, म्हणजे माझ्याकडे, सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम होते. माझे बरेचसे हिस्से या दुसऱ्या प्रकारचे आहेत. हे एरवी वेगवेगळे करार करून, पगार आणि कर्ज दाखवून जुळवावे लागले असते. येथे ते कंपनीच्या मूळ करारनाम्यातच, उघडपणे आणि कायद्याच्या शब्दांत मांडता आले. पैसा एकाचा आणि मेहनत दुसऱ्याची अशी भागीदारी आपल्याकडे काही नवी नाही, पण त्या मेहनतीला कंपनीच्या कागदावर पहिल्या दिवसापासून जागा देणारी अशी स्वच्छ तरतूद माझ्या पाहण्यात दुसरी नाही. केवळ या एका कारणासाठी मी ‘इके’ची शिफारस करीन.

नोंदणी ‘येमी’ या सर्वसाधारण व्यापारी नोंदवहीत होते आणि तिची एक-खिडकी सेवा आता ऑनलाइन आहे. करखात्याच्या टॅक्सिसनेट या प्रणालीचे सांकेतांक वापरून प्रवेश करायचा, नाव तपासायचे, तयार नमुन्यातला करारनामा भरायचा, बाकीच्या भागीदारांनी आपापल्या खात्यातून त्याला संमती द्यायची, शुल्क भरायचे, की येमी क्रमांक आणि कंपनीचा करक्रमांक एकाच प्रवाहात हाती येतो. मात्र प्रत्येक भागीदाराकडे ग्रीक करक्रमांक, म्हणजे ‘आफिमी’, आधीपासून असावा लागतो, आणि युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याला तो घेण्यासाठी ग्रीसमध्ये कर-प्रतिनिधी नेमावा लागतो. भारतात बसून नोंदणी करू पाहणाऱ्याचा खरा वेळ या पूर्वतयारीत जातो. परदेशी कागदपत्रांची प्रमाणित ग्रीक भाषांतरे हवीत, आणि भागीदार असणे वेगळे व व्यवस्थापक म्हणून कंपनी चालवणे वेगळे. युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाला व्यवस्थापकपदासाठी योग्य प्रकारचा निवास परवानाही पाहिला जातो. माझा परवाना आधीपासून होता, त्यामुळे हा टप्पा आम्हाला अडला नाही.

तयार नमुन्याबद्दल मात्र मी थोडी कडक भूमिका घेईन. एकट्याची कंपनी असेल तर तो नमुना पुरेसा आहे. त्या कंपनीच्या नावात एकल-सदस्य असल्याचा उल्लेख करावा लागतो, एवढेच. पण दोन किंवा अधिक भागीदार असतील, तर नमुन्याचा वेग मोहात पाडतो आणि या कायद्याने दिलेले स्वातंत्र्य वाया जाते. कंपनीचे सर्वसाधारण निर्णय एकूण हिश्श्यांच्या निम्म्याहून अधिक मतांनी होतात, पण करारनामा बदलायचा असेल तर एकूण हिश्श्यांची दोनतृतीयांश मते लागतात. आमचे हिस्से ४०, ३५ आणि २५ टक्के असे आहेत. आता हिशेब पाहा : ४० आणि ३५ एकत्र आले तर ७५ होतात आणि करारनामा बदलतो, ४० आणि २५ मिळून ६५ होतात, म्हणजे थोडक्यात अपुरे, ३५ आणि २५ मिळून ६०, तेही अपुरे. याचा अर्थ, दोघा मोठ्या भागीदारांपैकी प्रत्येकाला नकाराधिकार आहे आणि २५ टक्केवाल्याला तो मुळीच नाही. टक्केवारी ठरवताना आमच्या वकीलबाईंनी हे कोष्टक कागदावर काढून आमच्यापुढे ठेवले आणि २५ टक्केवाल्या भागीदाराच्या संरक्षणासाठी काही निर्णयांना सर्वसंमतीची अट घालायला लावली. हिस्सा बाहेरच्याला विकण्यापूर्वी तो उरलेल्या भागीदारांना देऊ करण्याची अटही आम्ही घातली, कारण तसे काही लिहिले नसेल तर हिस्सा मोकळेपणाने हस्तांतरित करता येतो. हा करारनामा खासगी दस्त म्हणून चालतो. स्थावर मालमत्तेसारखे काही योगदान असल्याखेरीज नोटरीची गरज नसते. वकिलाची फी द्यावी लागली, पण संपूर्ण प्रक्रियेतला तो सर्वांत सार्थकी लागलेला खर्च होता.

कंपनी स्थापन झाल्यावर महिन्याभरात तिचे संकेतस्थळ असले पाहिजे, असा या कायद्याचा दंडक आहे. त्या संकेतस्थळावर भागीदारांची नावे व पत्ते, प्रत्येकाच्या योगदानाचा प्रकार आणि व्यवस्थापक कोण हे दाखवावे लागते. आमच्या संकेतस्थळावर तळाशी एक साधे पान आहे, त्यावर हे सारे लिहिलेले आहे, आणि माझ्या नावापुढे भांडवलाबाहेरचे योगदान अशी नोंद आहे. सुरुवातीला घराचा पत्ता असा जाहीर करणे मला रुचले नाही. परंतु ज्या कंपनीचे भांडवल नाममात्र असू शकते, तिच्याशी व्यवहार करणाऱ्याला समोर कोण आहे आणि कोणाची हमी आहे हे कळणे हा त्याचा हक्क आहे, हे मला पटले. एका हॉटेलमालकिणीने करार करण्याआधी ते पान उघडून वाचले आणि हमीच्या योगदानाबद्दल नेमका प्रश्न विचारला, तेव्हा या तरतुदीचा उपयोग प्रत्यक्ष दिसला. याशिवाय कंपनीचा खरा फायदा घेणाऱ्या व्यक्तींची वेगळ्या नोंदवहीत नोंद करावी लागते, तीही लवकर उरकावी.

आता चालवण्याचा खर्च. येथे अनेकांचा अंदाज चुकतो. ‘इके’ला उलाढाल कितीही लहान असो, दुहेरी नोंद पद्धतीची पुस्तके ठेवावी लागतात आणि त्यामुळे व्हॅटचे विवरण तिमाहीऐवजी दरमहा भरावे लागते. व्हॅटचा सर्वसाधारण दर २४ टक्के आहे. शिवाय बीजकांची माहिती करखात्याच्या मायडेटा या व्यासपीठावर पाठवावी लागते आणि प्रत्येक बीजकाला तेथून स्वतंत्र क्रमांक मिळतो. हे सर्व अकाउंटंटशिवाय शक्य नाही. त्याचे मासिक शुल्क हा कायमचा खर्च समजावा. मायडेटाबद्दल माझे मत चांगले आहे. महिनाअखेरीस आमची आणि खात्याची आकडेमोड एकाच पडद्यावर जुळते, वाद उरत नाही.

दुसरा कायमचा खर्च सामाजिक विम्याचा. व्यवस्थापकाला ‘एफका’ या विमा संस्थेत नाव नोंदवणे सक्तीचे आहे आणि कंपनीला नफा होवो अथवा न होवो, महिन्याला दोनशेहून अधिक युरोंचा हप्ता भरावा लागतो. अनेक भागीदारांच्या कंपनीत केवळ भागीदार असणाऱ्याला ही सक्ती नाही. एकल-सदस्य कंपनीत मात्र त्या एकमेव सदस्याची यातून सुटका नाही. म्हणून व्यवस्थापक किती आणि कोण, हा प्रश्न मानापानाचा न करता खर्चाच्या अंगाने सोडवावा. आम्ही एकच व्यवस्थापक ठेवला.

करांचे गणित उदाहरणाने सांगते. १०,००० युरो नफा झाला तर २२ टक्क्यांनी २,२०० युरो कर. उरलेल्या ७,८०० मधून विसावा भाग, म्हणजे ३९० युरो, राखीव निधीत. बाकीचे ७,४१० वाटले तर त्यावर लाभांशाचा ५ टक्के कर, साधारण ३७० युरो. भागीदारांच्या हाती ७,०४० च्या आसपास येतात. हे दर युरोपात वाईट म्हणता येणार नाहीत. पण याखेरीज पुढच्या वर्षाचा आगाऊ कर चालू वर्षाच्या कराच्या ८० टक्के इतका भरावा लागतो. नव्या कंपनीला पहिली तीन वर्षे तो निम्मा असतो. पहिल्या नफ्याच्या वर्षी या रकमेची तजवीज नसेल तर सगळा नफा वाटून बसल्यावर रोखीची ओढाताण होते.

सर्वांत मनस्ताप झाला तो बँकेत. येमी क्रमांक हाती आल्यावर खाते उघडायला मात्र कित्येक आठवडे लागले. एका बँकेने तीच कागदपत्रे पुन्हापुन्हा मागितली आणि शेवटी काहीच कळवले नाही. दुसरीकडे काम झाले. कंपनीचे पहिले बीजक काढण्याची तारीख ठरवताना हा कालावधी धरूनच ठरवावी.

रोजच्या कारभारात ‘इके’ हलकी आहे, हे मी समाधानाने सांगते. भागीदारांची नोंदवही आणि ठरावांची नोंदवही व्यवस्थापकाने ठेवायची, वर्षातून किमान एकदा सभा घ्यायची, ताळेबंद मंजूर करून येमीत प्रसिद्ध करायचा, येमीचे वार्षिक शुल्क भरायचे. सभा ग्रीसबाहेरही घेता येते, दूरसंवादाने घेता येते, आणि सर्वांची लेखी संमती असेल तर सभा न घेताही निर्णय करता येतो. मी दिवाळीत पुण्याला होते तेव्हा एक ठराव आम्ही असाच केला. भारतातल्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला, ती कितीही लहान असो, हिशेबतपासनीस नेमावाच लागतो. येथे ठरावीक मर्यादेखालच्या छोट्या कंपनीला ती सक्ती नाही, हा फरक खर्चात जाणवतो.

ज्यांना एकट्याने, महिन्याला थोडी रक्कम कमावणारे सल्ल्याचे काम करायचे आहे, त्यांना मी ‘इके’ सुचवणार नाही. विमा आणि अकाउंटंट मिळून त्यांची कमाई खाऊन टाकतील. जेथे दोन-तीन जण वेगवेगळ्या प्रकारची शिदोरी घेऊन एकत्र येत आहेत, तेथे ती जरूर पाहावी, आणि करारनाम्यात बाहेर पडण्याचे कलमही घालून ठेवावे. गंभीर कारण असल्यास न्यायालयामार्फत भागीदाराला बाहेर पडण्याची किंवा त्याला वगळण्याची तरतूद कायद्यात आहे, पण हिश्श्याचे मूल्य कोणी आणि कोणत्या रीतीने ठरवायचे हे आधीच लिहिलेले असेल तर प्रकरण न्यायालयाच्या दारापर्यंत जाण्याचे कारण राहत नाही. आमच्या करारनाम्यात ते कलम सर्वांत लांब आहे.