देवनागरी नावांच्या फाइली: तीन सिस्टिमवर काही महिने वापरल्यानंतर

विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स, तिन्हींवर मी गेले काही महिने फाइलींची नावं सरसकट मराठीतच ठेवतोय. एकाच मशीनवर राहिलात तर तक्रारीला फारशी जागा नाही: नाव टाइप होतं, नीट दिसतं, शोधलं की सापडतं. कस लागतो तो फाइल एका सिस्टिमवरून दुसरीवर नेताना.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो ‘ऱ्या’ने. ‘दुसऱ्या सत्राच्या नोंदी’ ही फाइल घ्या. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, ‘ऱ’ला स्वतःचा क्रमांक आहे, पण तोच ‘र’ अधिक नुक्ता (अक्षराखालचं टिंब) अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतो. शिवाय काही कीबोर्ड ‘र’, हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर, अक्षरं जोडणारं चिन्ह) अशी तिसरीच जुळणी टाकतात. बहुतेक फाँटमध्ये तिन्ही हुबेहूब दिसतात. लिनक्सची ईएक्सटी४ आणि विंडोजची एनटीएफएस या फाइल सिस्टिमना (डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतींना) मात्र ही तीन वेगळी नावं. एकाच फोल्डरमध्ये तिन्ही शेजारी शेजारी बसतात आणि खरी कुठली ते नाव वाचून कळत नाही.

मॅकची जुनी फाइल सिस्टिम एचएफएस प्लस नाव साठवतानाच ‘ऱ’सारखं अक्षर ‘र’ आणि नुक्ता असं फोडायची. २०१७ साली आलेली एपीएफएस नाव दिलं तसंच ठेवते, पण पहिली दोन रूपं एकच मानते. मला हेच मनापासून पटलं. वाचणाऱ्याला जे एक दिसतं, ते मशीननेही एक मानावं. झेडडब्ल्यूजेवालं रूप युनिकोडच्या नियमांतच वेगळं धरलंय, ते आपणच निस्तरायचं. जुन्या मॅक डिस्कवरून लिनक्सवर आणलेल्या फाइलींसाठी ‘कॉन्व्हएमव्ही’ हे नावांची रूपं बदलणारं साधन वापरा. स्पष्ट सांगेपर्यंत ते काहीच बदलत नाही, फक्त काय बदलेल ते दाखवतं, त्यामुळे बिनधास्त चालवून बघता येतं.

लांबीचंही बघा. ईएक्सटी४वर नावाची मर्यादा २५५ बाइट, आणि यूटीएफ-८मध्ये (युनिकोड बाइटमध्ये लिहायची एक पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे ८५ चिन्हं, तीही हलन्त आणि मात्रा वेगळ्या धरून. एकट्या ‘क्षि’चेच १२ बाइट होतात. एनटीएफएस २५५ यूटीएफ-१६ एकक देते आणि देवनागरीचं एक चिन्ह एकाच एककात बसतं, म्हणून तिथे आरामात मावलेलं लांबलचक नाव लिनक्सवर कॉपी होताना अडतं.

झिपचा अनुभव सगळ्यात वाईट. नावं यूटीएफ-८मध्ये आहेत हे सांगणारा एक बिट झिपमध्ये असतो. तो लावलेला नसेल तर उघडणारा प्रोग्राम जुनं कोडपेज (युनिकोडआधीचा अक्षरतक्ता) धरून चालू शकतो. मला आलेल्या एका झिपमध्ये प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी तीन-तीन परकी चिन्हं होती. आतला मजकूर मात्र शाबूत. अशा वेळी हाताने नावं बदलत बसू नका, योग्य एन्कोडिंग, म्हणजे यूटीएफ-८, सांगून झिप पुन्हा उघडा.

गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्राम) मराठी नावाऐवजी आकड्यांची माळ दिसते. ‘कोअर डॉट कोटपाथ’ हे सेटिंग ‘फॉल्स’ केलं की नावं दिसू लागतात.

आणि एक, विसर्गाबद्दल. ‘अंतःकरण’ लिहिताना पुष्कळ जण विसर्गाऐवजी इंग्रजी कोलन टाकतात. लिनक्सला ते चालतं, विंडोजवर नावात कोलन चालतच नाही. पेनड्राइव्हवर कॉपी करताना एखादीच फाइल मागे राहत असेल, तर आधी तिच्या नावातला विसर्ग तपासा.