मॉडेल देखणं, पण पोटाखाली सपाट

लेक इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या रेसिंग टीममध्ये गाडीच्या बॉडीचं काम बघते. तिच्या वाढदिवसाला मर्सिडीजच्या 2022 च्या फॉर्म्युला वन गाडीचं, डब्ल्यू13 चं, 1:18 मापाचं मॉडेल मागवलं. साडेसात हजार पडले.

मी इंदूरजवळच्या पीथमपूरला वीस वर्षं फायबरच्या मोल्डवर काम करतोय. डबा उघडल्याबरोबर बोट फिरवून आधी पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची रेघ, शोधली. मागच्या विंगवर, म्हणजे गाडीला खाली दाबणाऱ्या आडव्या पंखावर, ती लागलीच नाही. 2022 च्या नियमांनी या विंगच्या कडेच्या उभ्या पाट्या गेल्या आणि विंगच गोलाईनं वळून खाली उतरू लागली. टोकांशी उठणारे भोवरे कमी व्हावेत, मागून येणाऱ्या गाडीला बरी हवा मिळावी, हा हेतू. असलं वळण साच्यातून अखंड काढायला हात लागतो. ज्यानं काढलंय त्याला मानलं.

या गाडीची खरी ओळख म्हणजे तिची कंबर. बहुतेकांनी साइडपॉड, म्हणजे चालकाच्या दोन्ही बाजूंचे फुगीर भाग, रुंद ठेवले, मर्सिडीजनं ते जवळजवळ नाहीसेच केले. इतके की धडकेपासून वाचवणारा आडवा दांडा बाहेर राहिला, मग त्यालाच छोट्या विंगचा आकार देऊन त्यावर आरसा बसवला. मॉडेलमध्ये तो दांडा काडेपेटीतल्या काडीएवढा आहे, पण त्याचा आकार बरोबर उतरलाय.

रविवारी रामबागेतल्या घरी आम्ही टेबलफॅन लावला. पंख्याची हवा गोल फिरत येते, म्हणून लेकीनं साठ-सत्तर स्ट्रॉ चिकटवून गठ्ठा केला आणि पंख्यापुढे ठेवला. मग उदबत्ती. धूर पुढच्या विंगवरून चढला, चाकापाशी फुटला आणि कंबरेला लागून सरळ मागे गेला. ती मिनिटभर काही बोललीच नाही. मोठ्या टीमही मॉडेलवरच तपासतात, नियमानं जास्तीत जास्त 60 टक्के मापाच्या. फरक एवढाच की त्यांच्या विंड टनेलमध्ये, म्हणजे वारा सोडून गाडी तपासायच्या दालनात, गाडीखालचा रस्ताही पट्ट्यासारखा पळतो.

मग ती म्हणाली, "बाबा, जरा उलटं करा." आणि माझं मन खट्टू झालं. खाली सपाट काळा पत्रा, चार स्क्रू आणि कंपनीचं नाव. 2022 पासूनच्या या गाड्यांचा जोर तिथेच तर होता! त्यांच्या पोटाखाली दोन बोगदे असायचे. जमीन आणि बोगद्याचं छत यांच्यातल्या चिंचोळ्या जागेत हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि गाडी रस्त्याला खेचली जाते. मग बोगदा मागे उंच होत डिफ्यूझरमधून, म्हणजे शेपटाकडच्या पसरट तोंडातून, हवा बाहेर सोडतो. डब्ल्यू13 चं दुखणंही तिथलंच. वेगात गाडी इतकी खाली बसायची की खालचा प्रवाह तुटायचा, गाडी उसळायची, प्रवाह परत जुळायचा, पुन्हा खाली. बाकूच्या शर्यतीनंतर मर्सिडीजचा तेव्हाचा चालक हॅमिल्टन याला पाठीच्या दुखण्यानं गाडीतून उतरणं जड गेलं होतं. पुढच्या वर्षी नियमानं फ्लोअरच्या, म्हणजे गाडीच्या तळाच्या, कडा 15 मिलिमीटर वर उचलायला लावल्या. ही सगळी कथा ज्या भागात आहे, तोच भाग या मॉडेलमध्ये नाही.

विकणाऱ्याला फोन केला. "साहेब, मॉडेल वरूनच बघायचं असतं," म्हणाला. हे मला पटलं नाही. साडेसात हजारांत एक जास्तीचा साचा बसतो, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो.

पाचपैकी तीन तारे. रंग, टायर, हॅलो (चालकाच्या डोक्याभोवतीची संरक्षक कमान), दोन्ही विंग, सगळं उत्तम. शोकेससाठी घेत असाल तर बेलाशक घ्या. मुलांना हवा कशी चालते ते शिकवायला घेत असाल, तर घेण्याआधी दुकानदाराकडून खालच्या बाजूचा फोटो मागवा. आमच्या मॉडेलचे चार स्क्रू काल काढलेत. लेक पत्र्याच्या मापाची माती मळतेय, बोगद्यांचा साचा मी करून देणार आहे.