सिक्लिडच्या पिल्लांची टाकी: रेती-दगडांची की उघड्या काचेची?

कॉन्व्हिक्टची (काळ्या पट्ट्यांच्या सिक्लिड जातीच्या माशांची) जोडी जमली, आता तिच्यासाठी वेगळी टाकी लावायची. तळाला रेती घालून दगड रचायचे, की काच उघडीच ठेवून एक कुंडी आडवी टाकायची? मी दोन्ही प्रकार केले. रेतीची टाकी दोन वर्षं चालवली. उघड्या काचेची अजून घरात सुरू आहे.

दिसायला रेतीची टाकी उजवी, यात वाद नाही. कन्हान नदीची रेती चाळून, नितळ पाणी येईपर्यंत धुतली (मला बारा-पंधरा बादल्या लागल्या), मागे काळे दगड रचले, की दोन दिवसांत नराचे पट्टे गडद होतात. जोडी मोकळेपणाने वावरते, तोंडाने रेती उचलून खड्डे करते. नवखी जोडी स्वतःची अंडी खाते, तेही या टाकीत मला कमी दिसलं. दगड मात्र पारखून घ्या. आपल्याकडचा काळा बेसाल्ट पाण्यात काही सोडत नाही. ओट्याचा उरलेला कडप्पा चुनखडीच्या जातीचा. तो पाणी हळूहळू जड (जास्त क्षारांचं) करतो. कॉन्व्हिक्टला किंवा आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या माशांना ते चालतं, रॅम आणि एंजल या मऊ पाण्याच्या सिक्लिडांसाठी टाळा. आणि दगड आधी काचेवर बसवा, रेती नंतर ओता. रेतीवर ठेवलेला दगड ही जोडी खालून पोखरून पाडते.

उघड्या काचेची टाकी सुरुवातीला ओकीबोकी वाटते. खालून काळा कागद लावला नाही, तर मासे तळातल्या प्रतिबिंबाला बिचकतात. आत फक्त स्पंज फिल्टर आणि कुंभाराकडची बिनरंगाची कुंडी. मादी कुंडीच्या आत, वरच्या बाजूला अंडी चिकटवते. साधारण तीन दिवसांत ती फुटतात.

माझा निर्णय झाला तो इथून पुढे. अंडी फुटल्यावर चार-पाच दिवस पिल्लं पोहत नाहीत, नुसती वळवळतात. रेतीच्या टाकीत आई-बाप त्यांना तोंडात धरून एका खड्ड्यातून दुसऱ्यात हलवतात. काल डावीकडे होती, आज कुठे आहेत ते कळत नाही, कारण रंगही रेतीचाच. पोहायला लागली की दिवसातून तीन-चारदा आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक जीव) खायला द्यावा लागतो आणि उरलेला रेतीत जाऊन बसतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो. कूलर लावूनही माझ्या टाकीतलं पाणी ३२ अंशांखाली येत नाही. गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी, त्यात तळाशी सडणारं खाणं. त्यामुळे सायफन (तळाची घाण ओढून काढणारी नळी) रोज लावावाच लागतो. मी एअर पंपाची बारीक नळी वापरायचो, तरी रेतीबरोबर पिल्लं ओढली जायची. मग ते पाणी पांढऱ्या टबात घ्यायचं, वरून टॉर्च धरायचा, आणि ड्रॉपरने एकेक पिल्लू वेचून परत सोडायचं. अख्खा मे महिना रोज रात्री तासभर हेच केलं. हलला तर पिल्लू, नाही हलला तर रेतीचा कण. वेचलेली सगळीच जगली नाहीत. दोन दिवस सायफन न लावता पाहिलं, तर तिसऱ्या सकाळी पाण्याला वास आणि खड्ड्यात पांढरी पडलेली पिल्लं. ते अजून डोळ्यांसमोर आहे.

उघड्या काचेवर पिल्लांचा घोळका लांबूनच दिसतो. खाणं एका कोपऱ्यात गोळा होतं, पाच मिनिटांत नळी फिरवून होते. तेव्हापासून सायफनमध्ये पिल्लू गेलंच तर एखाद-दुसरं.

अर्थात हे खड्डे करणाऱ्या जोड्यांबद्दल. तोंडात अंडी उबवणाऱ्या मलावीच्या माशांमध्ये मादी जवळपास तीन आठवडे पिल्लं तोंडातच ठेवते. सोडल्यावर त्यांना लपायला दगडांच्या फटी उपयोगी पडतात. आणि टाकी दिवाणखान्यात असेल, पिल्लं किती जगली यापेक्षा जोडीचं वागणं बघायचं असेल, तर रेतीच घाला, मी नको म्हणणार नाही.

माझ्या टाकीत जोडीला खणायला मिळावं म्हणून कुंडीखाली ठेवतात तशी मातीची बशी ठेवली आहे, त्यात दोन बोटं धुतलेली रेती. त्यातली अर्धी रेती जोडी दोन दिवसांत बाहेर उडवते, ती नळीने उचलतो. आई-बाप पिल्लं त्याच बशीत आणून ठेवतात, आणि पिल्लं पोहायला लागेपर्यंत बशीला मी नळी लावत नाही.