'सायक'चं 'एमएलआर': सहा आकड्यांतला कोणता वाचायचा?

त्याच माणसांना तेच प्रश्न रोज विचारायचे, सगळ्या ओळी एकत्र करायच्या आणि क्रोनबाखचा अल्फा, म्हणजे प्रश्नावली किती विश्वासार्ह आहे ते सांगणारा आकडा, काढून मोकळं व्हायचं, हे सर्रास चालतं. त्या अल्फात माणसामाणसांतला फरक आणि एकाच माणसातला रोजचा चढउतार यांची सरमिसळ होते. विल्यम रेव्हेल यांच्या 'सायक' या, 'आर' ह्या संख्याशास्त्रीय प्रोग्रॅमिंग भाषेसाठीच्या मोफत पॅकेजमधलं 'मल्टिलेव्हल डॉट रिलायबिलिटी' हे फंक्शन, म्हणजेच 'एमएलआर', या दोन्ही गोष्टी वेगळ्या काढतं.

डेटा असा हवा: एका ओळीत एका माणसाची एका वेळची नोंद आणि प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्र रकाना. उलट अर्थाचे प्रश्न आधीच फिरवून घ्या. १ ते ५ च्या श्रेणीत ६ मधून उत्तर वजा करायचं.

विश्वासार्हतेचे सहा गुणांक मिळतात आणि घोळ इथेच होतो. समजा, माणसामाणसांतला व्हेरियन्स (विखुरलेपणाचं माप) ०.४०, माणसाच्या आतला ०.२०, उरलेली त्रुटी ०.६०; प्रश्न ४, दिवस २०. त्यांतला 'आरकेआरएन' हा गुणांक येतो ०.९६. छानच! पण तो सांगतो माणसामाणसांतल्या फरकाबद्दल, तोही २० दिवसांच्या सरासरीतल्या. रोजच्या बदलाचा गुणांक 'आरसीएन': ०.२० भागिले (०.२० + ०.६०/४), म्हणजे फक्त ०.५७. दिवस कितीही वाढवा, हा हलत नाही, कारण सूत्रात दिवस नाहीतच. तशाच दर्जाचे ८ प्रश्न ठेवले तर ०.७३ होतो. अभ्यास चढउतारांचा असेल तर ०.९६ छापणं ही वाचकाची दिशाभूल आहे.

दिवसातून यादृच्छिक वेळी सूचना पाठवून नोंदी घेतल्या असतील, तर एकाची तिसरी नोंद आणि दुसऱ्याची तिसरी नोंद यांचा काही संबंध नसतो. मग शेवटी 'एन' असलेले दोनच गुणांक वाचा. बाकीचे चार वेळ सगळ्यांना सामाईक धरतात.

काही नोंदी राहून गेल्या असतील आणि ते चार हवेच असतील, तर 'एमएलआर'मधला 'एलएमईआर' हा पर्याय चालू करावा लागतो. त्यासाठी 'एलएमई४' हे पॅकेज वेगळं बसवा आणि वेळ हाताशी ठेवा. ते फार संथ आहे.

आलेख काढणारा 'प्लॉट' हा पर्याय मात्र जरूर चालू करा. प्रत्येक माणसाचा वेगळा चौकोन येतो, त्यात प्रत्येक प्रश्नाची एक रेषा. बाकीच्या रेषा वर जाताना एकच खाली उतरत असेल, तर तो प्रश्न बहुधा फिरवायचा राहिलाय. सगळ्या रेषा सपाट असतील, तर त्या माणसाचा स्वतंत्र अल्फा निघणारच नाही.