उत्तर सायप्रसमधला समुद्राकाठचा प्लॉट: कागद खरे, जमीन दुसऱ्याची

लंडन आणि आसपासच्या मराठी लोकांमध्ये सध्या उत्तर सायप्रसच्या प्लॉटचे मेसेज फिरतायत. समुद्राकाठी एक डोनम (तिथलं जमिनीचं माप, साधारण एक तृतीयांश एकर), हप्त्याने पैसे भरा, पाच वर्षांत डबल वगैरे. आमचे ४२ हजार पाउंड त्यात अडकलेत म्हणून लिहितोय, जरा लांबेल, पण टोकन द्यायच्या आधी शेवटपर्यंत वाचा.

आधी एक सांगतो, आम्हाला दाखवलेला एकही कागद बनावट नव्हता. सही, शिक्का, नकाशा सगळं खरं. म्हणूनच हे प्रकरण पटकन लक्षात येत नाही, कारण आपण खोटा कागद शोधत बसतो.

माहिती देणारा आपलाच माणूस, गणपतीत ओळख झालेला. "दादा, वहिनींना घेऊन एकदा बघून तर या, नाही आवडलं तर सोडून द्या, तिकीट हॉटेल सगळं कंपनीचं." त्याला गिऱ्हाइकामागे कमिशन मिळतं हे तो बोलला नाही, ते नंतर दुसऱ्याच एका फसलेल्या कुटुंबाकडून कळलं. विमान इस्तंबूलमार्गे उत्तर सायप्रसच्या एर्जान विमानतळाला. तिथे उतरायच्या आधी कंपनीच्या पोराने सांगितलं की पासपोर्टवर शिक्का नको, सुट्या कागदावर मागा. का, तर "पुढे ग्रीसला वगैरे जाताना कटकट नको". इतक्या सहज बोलला की जणू फॉर्मवर कुठल्या रंगाच्या पेनाने लिहायचं ते सांगतोय.

प्लॉट कार्पाझला, म्हणजे सायप्रस बेटाच्या ईशान्येच्या चिंचोळ्या टोकाला. खरंच सुंदर आहे, त्यात खोटं काही नाही. मोकळी फिरणारी गाढवं, ऑलिव्हची झाडं, मैलभर माणूस नाही. आमचा प्लॉट येनीएरेनकॉय गावाच्या बाजूला, उतारावर, खाली निळंशार पाणी. कोपऱ्यात एक पडकं दगडी घर आणि पाण्याची टाकी होती. टाकीच्या काठावर सिमेंट ओलं असताना कुणीतरी बोटाने ग्रीक अक्षरं काढलेली आणि खाली १९६६. बायकोने विचारलं हे कुणाचं, तर एजंट म्हणाला "ओल्ड शेफर्ड्स, मॅडम" आणि लगेच ड्रोनचा व्हिडिओ दाखवायला लागला.

आता खरी गोष्ट. १९७४ मध्ये तुर्कस्तानचं सैन्य उतरलं आणि बेटाचे दोन तुकडे झाले. उत्तरेतले ग्रीक सायप्रियट घरदार टाकून दक्षिणेत गेले, दक्षिणेतले तुर्की सायप्रियट उत्तरेत आले. १९८३ मध्ये उत्तरेने स्वतःला वेगळा देश जाहीर केलं, त्याला तुर्कस्तान सोडून कुणी मानत नाही. येनीएरेनकॉयचं जुनं नाव यालूसा, ते ग्रीक सायप्रियट लोकांचं गाव होतं. १९७६ मध्ये एरेनकॉय नावाच्या दुसऱ्या गावातले तुर्की सायप्रियट तिथे वसवले म्हणून नाव पडलं नवं एरेनकॉय. दक्षिणेत जमीन गमावलेल्यांना उत्तरेतल्या सरकारने इथल्या ग्रीक सायप्रियटांच्या जमिनी बदल्यात दिल्या, त्याला एक्स्चेंज टायटल म्हणतात. दुसरा प्रकार म्हणजे सरकारने नुसतीच वाटलेली जमीन. आणि तिसरा, १९७४ च्या आधीपासून तुर्की किंवा परदेशी माणसाच्या नावावर असलेली, ती खूपच महाग. आमचं एक्स्चेंज होतं. एजंट तीनही प्रकारांना "क्लीन टायटल, गव्हर्नमेंट गॅरंटी" म्हणतो, गॅरंटी देणारं सरकार कोण ते नाही सांगत.

आपल्याकडे कोकणात नुसता आजचा सात-बारा बघून जुने फेरफार न काढता कुणी जमीन घेत नाही, तसंच आहे हे, फक्त इथे जुने फेरफार दुसऱ्या देशाच्या ऑफिसात आहेत. दक्षिणेतलं सायप्रस, जे युरोपियन युनियनमध्ये आहे, त्यांच्या भूमी अभिलेखात १९७४ पूर्वीचा मालकच आजही मालक आहे.

आम्ही तिथेच विचारलं होतं, जुना मालक आला तर? उत्तर तयार होतं, की युरोपच्या मानवी हक्क कोर्टाने २०१० मध्ये उत्तरेतल्या मालमत्ता आयोगाला मान्यता दिली, विषय संपला. यात अर्धं खरं आहे. तो आयोग आहे, मान्यताही दिली, जुना मालक तिथे जाऊन भरपाई मागू शकतो. पण म्हणून दक्षिणेतलं कोर्ट तुम्हाला सोडेल असं अजिबात नाही. ऑरम्स नावाचं ब्रिटिश जोडपं, त्यांनी लाप्ता गावात जमीन घेऊन व्हिला बांधला, मूळ मालक अपोस्टोलिडिस यांनी दक्षिणेत केस केली, कोर्ट म्हणालं बांधकाम पाडा, जमीन परत द्या, भाडं आणि भरपाई द्या. २८ एप्रिल २००९ ला युरोपियन युनियनच्या कोर्टाने आणि २०१० मध्ये इंग्लंडच्या कोर्टानेही तो निकाल लागू होतो असं ठरवलं. म्हणजे वसुलीचा हात थेट इंग्लंडपर्यंत पोचला. ब्रेक्झिटनंतर तो रस्ता पूर्वीसारखा नाही असं एजंट हसून सांगतात, पण फौजदारीचं बोलत नाहीत. २००६ पासून दक्षिणेत मूळ मालकाच्या परवानगीशिवाय अशी जमीन विकणं, घेणं, वापरणं हा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद. २०२४ पासून बिल्डर आणि एजंट लोकांना खरोखर अटक व्हायला लागलीय.

आता वकिलाची गोष्ट ऐका. कंपनी म्हणाली तुमचा वकील तुम्हीच निवडा, ही घ्या यादी. यादीतले सगळे त्यांचेच, त्यातल्याच एक वकीलबाई आम्ही घेतल्या. कराराच्या मागच्या पानांत एक बारीक कलम होतं की खरेदीदाराला मालकीच्या इतिहासाची पूर्ण कल्पना देण्यात आली आहे आणि त्याबद्दल तो तक्रार करणार नाही. बाईंनी ते वाचून दाखवताना "हे स्टँडर्ड आहे" एवढंच म्हटलं. आज पैसे मागायला गेलो की ते एकच कलम तोंडावर मारतात.

शिवाय परदेशी माणसाच्या नावावर जमीन लगेच होतच नाही, तिथल्या मंत्रिमंडळाची परवानगी लागते आणि ती कधी येईल याचा नेम नाही. तोवर जमीन विकणाऱ्याच्याच नावावर. हप्ते मात्र सुरू! बांधकामाचं आणखी वेगळं, कार्पाझच्या टोकाकडचा मोठा भाग संरक्षित क्षेत्रात येतो, आमच्या उतारावर घराला परवानगी मिळणं अवघड हे गावातल्या एका आर्किटेक्टने चहा पिता पिता सांगितलं. कंपनीच्या ब्रोशरमध्ये तिथे इन्फिनिटी पूल होता.

बायकोच्या डोक्यातून ती टाकी काही जाईना. शेवटी तिनेच लिमासोलचा एक वकील शोधला, दक्षिणेतला. टाकीचा फोटो त्याने नीट बघितलाही नाही, त्याला जमिनीच्या नकाशाचा शीट नंबर आणि प्लॉट नंबर पुरले. थोड्याच दिवसांत उत्तर आलं, जमीन यालूसाच्या एका कुटुंबाची, ते लार्नाकाला राहतात, आणि त्यांनी कुणालाही विकलेली नाही.

कंपनीकडे पैसे परत मागितले तर म्हणाले परत मिळणार नाहीत, पण तुमचं कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकून देतो, थोडा फायदाही होईल. म्हणजे आता आम्ही कुणाला तरी टोपी घालायची, वर दक्षिणेच्या कायद्यात तोही गुन्हाच. नाही म्हणालो. हप्ते बंद केले, तेव्हापासून दंडाच्या नोटिसा येतायत.

तुम्हाला कुणी असा प्लॉट दाखवला तर व्ह्यू नंतर बघा, आधी लेखी विचारा की १९७४ मध्ये ही जमीन कुणाच्या नावावर होती. शीट आणि प्लॉट नंबर घ्या आणि दक्षिणेतल्या वकिलाकडून तपासून घ्या, त्याची फी टोकनच्या मानाने काहीच नाही. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर तिथूनच उठा. ज्यांनी टोकन दिलंय पण सही नाही केली त्यांनी टोकन बुडालं समजा आणि थांबा. सही झालेल्यांनी सायप्रसला किंवा युरोपात कुठे सुट्टीला जायच्या आधी वकिलाशी बोला, हे घाबरवायला नाही सांगत. आणि भारतीय पासपोर्टवाल्यांनो, आपलं हाय कमिशन निकोसियात आहे, पण दक्षिण भागात, उत्तरेतल्या व्यवहारात ते तुमच्यासाठी फार काही करू शकणार नाहीत.

तो आपला माणूस फोन उचलत नाही. परवा त्याचा स्टेटस बघितला, तोच उतार, तोच ड्रोनचा व्हिडिओ, टाकी कापलेली, आणि भाव सहा हजार पाउंडांनी वाढवलेला.